लाईन आली की उडणारा नंबर

मी कोणाचा नंबर विकला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण हिंगणघाटच्या आसपास अजूनही अशी माणसं आहेत, जी मला बाजारात पाहिलं की एकमेकांना कोपर मारतात. मारा म्हणावं. दुखलं तर तुमचंच कोपर दुखेल.

मी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर बसते. काटा म्हणजे कापसाच्या गाड्या तोलायचा मोठा वजनकाटा. शेतकऱ्याची गाडी फाटकातून आत आली की त्याने माझ्या खिडकीतून टोकन घ्यायचं, आवारात रांगेत उभं राहायचं, आणि बाहेरच्या लाल दिव्यांच्या बोर्डावर आपला नंबर लागला की गाडी काट्यावर घ्यायची. आधी भरल्या गाडीचं वजन, मग कापूस खाली करून आल्यावर रिकाम्या गाडीचं. झालं. काम काही अवघड नाही. पण दिवाळी झाली की ट्रॅक्टरांची रांग पार हायवेपर्यंत जाते, माणसं भाकरी बांधून येऊन बसतात, आणि मग नंबर ही अशी चीज होऊन बसते की तिच्यापायी साडू साडूची कॉलर धरतो. मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आता कॉम्प्युटरचं सांगते. आमच्याकडे वीज गेली असं कोणी म्हणत नाही, लाईन गेली म्हणतात. तर लाईन गेली की माझ्या केबिनमधला कॉम्प्युटर बंद पडायचा. खाली बॅटरीचा डबा ठेवलाय, पण तो नावाला. दोन श्वास घेतो आणि मान टाकतो. लाईन आली, कॉम्प्युटर चालू झाला, की तो आधी दिलेलाच नंबर पुन्हा काढायचा. एकाच नंबराचे दोन मालक. मग मी पेनाने एकावर अ लिहायची, दुसऱ्यावर ब लिहायची, थोडी तणतण व्हायची आणि निभावून जायचं. सगळ्यांना ती खोड माहीत होती. माझ्यावर कोणी कधी बोट ठेवलं नव्हतं.

कॉम्प्युटरचा हा सगळा कारभार आमच्या मालकांच्या, सेठजींच्या, भाच्याने बनवलेला. पोरगा इंजिनिअर, नागपूरला असतो, वागायला सभ्य, मला काकू म्हणतो. यंदाचा हंगाम लागायच्या आधी तो आला आणि त्याने ती दोन नंबरांची खोड काढून टाकली. "काकू, आता एक नंबर दोनदा निघणार नाही," म्हणाला. आणि नाही निघाला. मी खोटं कशाला बोलू? तो रोग बरा झाला. पण त्याच्यासोबत दुसरा आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट निघाला.

पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं, असेल काही. लाईन गेली, थोड्या वेळाने आली. ज्याचा नंबर बोर्डावर होता तो माणूस ट्रॅक्टर चालू ठेवून काट्याच्या तोंडाशी उभा. बोर्ड पेटला, तर त्याच्यावर त्याच्या मागच्या गाडीचा नंबर. मी त्याचा नंबर हाताने टाकून पाहिला. पडद्यावर आलं, 'हे टोकन पूर्ण झाले आहे.' अरे, पूर्ण कसं झालं? त्याचा कापूस अजून ट्रॉलीत आहे, मला खिडकीतून दिसतोय! पण यंत्रासमोर काय बोलणार? ज्याचा नंबर बोर्डावर नाही, त्याचं वजन ते घेतच नाही. दोन नंबरांची भांडणं मिटावीत म्हणून सेठजींनीच तसं करून घेतलं होतं. शेवटी त्या माणसाला मी नवीन टोकन दिलं आणि रांगेच्या शेवटी पाठवलं. तो मला काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग ते होतच राहिलं. लाईन गेली आणि आली, की एक नंबर गायब. आवारात त्याला नावही पडलं. नंबर उडाला, म्हणायचे.

आणि जिथे नंबर उडतो, तिथे उडवणारा शोधतातच. एकाचा नंबर उडाला की त्याच्या मागच्याचा लगेच लागायचा, हे लोकांच्या ध्यानात यायला किती वेळ लागणार? चहाच्या टपरीवर कुजबुज सुरू झाली. मी पाणी आणायला निघाले की बोलणं थांबायचं. एकदा एक जण माझ्या पाठीमागे मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "मागच्याले पुढे आनाचं असलं का पुढच्याले उडवते थे बाई." मी वळून पाहिलं, तर सगळे आभाळाकडे पाहत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी सरळ सेठजींच्या ऑफिसात गेले. म्हटलं, "सेठजी, हे भाच्यानं दुरुस्ती केली तेव्हापासूनचं हाय. त्याले सांगा, काहीतरी बिघडवून ठेवलं त्यानं." सेठजींनी तिथेच फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, मी केलेल्या बदलाने हे होऊच शकत नाही. मी सगळं तपासून दिलंय. टोकन आपोआप पूर्ण होत नसतं. तिथे कोणीतरी हाताने करत असेल."

कोणीतरी! केबिनमध्ये मी एकटी बसते. कोणीतरी म्हणजे कोण, भूत? सेठजी माझ्याकडे पाहत नव्हते. टेबलावर पाण्याचा ग्लास होता, त्याच्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत ते माझ्याशी नजर चुकवून कधी बोलले नव्हते. "देखते हैं, बाई," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून मीही प्रत्येकावर नजर ठेवायला लागले. आपल्यावर कोणी संशय घेतला की आपणही संशयी होतो, हे मला तेव्हा कळलं. तो भाचा नागपुरात बसून तारांतून काही करत असेल का? स्टोअरमधल्या माणसाला माझ्या खुर्चीवर बसायची फार दिवसांची हौस होती, तो बॅटरीचा डबा पुसायच्या निमित्ताने केबिनमध्ये येतो तेव्हा काही दाबून जात असेल का? मी निघताना खुर्ची कशी ठेवली ते पाहून जायची आणि सकाळी आल्यावर पुन्हा पाहायची. खुर्ची जशीच्या तशी असायची. तरी समाधान नाही.

मग तो दिवस आला. माझा धाकटा भाऊ कापूस घेऊन आला होता. तो गिरडकडे राहतो, आमची माहेरची शेती तोच पाहतो. सकाळी आला, सगळ्यांसारखं टोकन घेतलं, सगळ्यांसारखा रांगेत लागला. मी त्याच्याशी चार शब्दही जास्तीचे बोलले नाही, कारण लोक पाहत होते. दुपारी त्याच्या पुढच्या शेतकऱ्याचा नंबर बोर्डावर लागला आणि नेमकी तेव्हाच लाईन गेली. मी मनात म्हटलं, देवा, आज नको. आज काहीही कर, पण हे नको.

लाईन आली. बोर्ड पेटला. माझ्या भावाचा नंबर!

पुढचा शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरून खिडकीशी आला. नाचणगावकडचा होता, वयस्क माणूस, तोवर कधी चढ्या आवाजात बोललेला मी ऐकला नव्हता. तो म्हणाला, "म्याडम, बराबर तुह्या भावाच्या वक्तालेच कसा उडते व नंबर? आमी काय अंधे हाओत?" मी काही बोलायच्या आत माझा भाऊ ट्रॉलीवरून उडी मारून आला आणि त्याने त्याची गचांडीच धरली. "माह्या बहिणीचं नाव घेशीन तं पाह्य! थे असं काम करनार नाई. कोनी म्हनलं तुले? नाव सांग त्याचं!" माणसं मध्ये पडली, दोघांना सोडवलं. मी भावाला ओरडून सांगितलं, "अरे, त्याले जाऊ दे आधी." पण जाऊ दे म्हणून काय उपयोग? बोर्डावर भावाचा नंबर, यंत्र दुसऱ्याचं वजन घेईना. मागे सगळी रांग हॉर्न वाजवून राहिली. शेवटी भावाने ट्रॅक्टर काट्यावर चढवला. नाचणगाववाल्याला मी नवीन टोकन दिलं. त्याने ते घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता मागे गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी भाऊ घरी आला. तुरीच्या शेंगांचं गाठोडं आणलं होतं. मी शेंगा शिजवायला ठेवल्या आणि चुलीपाशीच, म्हणजे गॅसपाशीच, रडायला लागले. तो जवळ आला. "बाई, तू काऊन रडून राह्यली? कोनी काई म्हनो, मी हाओ ना. साऱ्या आवाराशी भांडीन मी तुह्यासाठी." किती बरं वाटलं मला! जगात एक तरी माणूस आहे ज्याला माझ्यावर विश्वास ठेवायला पुरावा लागत नाही, असं वाटलं. मी त्याला दोनदा वाढलं.

नवऱ्याचं काय सांगू? त्याचं किराण्याचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकं येतात, सगळी खबर त्याला तिथेच मिळते. तो म्हणाला, "सोडून दे नोकरी. दुकानात बस." मी म्हटलं, "आज सोडली तर पैसे खाल्ले होते म्हणून सोडली असंच होईल." त्याने पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि खाली पाहूनच विचारलं, "तसं काई नाई ना पन?"

तसं काई! माझं ताट तसंच राहिलं. त्यानंतर बरेच दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि त्यालाही का ते माहीत होतं.

बाजार बंद होता त्या दिवशी भाचा नागपूरहून आला. मला दुपारी बोलावून घेतलं. त्याने खोट्या गाड्यांची टोकनं काढली, बोर्डावर नंबर लावला आणि खटका बंद केला. चालू केला. नंबर जिथल्या तिथे. पुन्हा बंद, पुन्हा चालू. कितीही वेळा केलं तरी एक नंबर उडेना. "पाहा काकू," तो म्हणाला. "राग मानू नका, पण तुम्ही रोज वेगळं काही करता का? एखादं बटण वगैरे?" मी म्हटलं, "नाई. रोजचंच करते."

सेठजींनी मग मला काही दिवस आतल्या ऑफिसात बसवलं आणि काट्यावर स्टोअरमधल्या माणसाला बसवलं. अपमान म्हणून नाही बरं का, असं सेठजींनी मुद्दाम सांगितलं. सांगितलं म्हणूनच तो अपमान झाला. त्या दिवसांत लाईन चांगली जात-येत होती. मी आतून कान लावून ऐकायची. बोर्ड पेटला की आवारात आरडाओरड होईल म्हणून वाट पाहायची. काही नाही. एकही नंबर उडाला नाही. सगळं आवार पाहत होतं. बाई खुर्चीत नाही तर नंबर उडत नाही. याच्यापेक्षा मोठा पुरावा तो कोणता?

मला माझाच भरवसा वाटेना. बांगड्या लागून एखादं बटण दाबलं जात असेल का, म्हणून मी घरी बांगड्या काढून रिकाम्या हातांनी टेबलावर बोटं आपटून पाहिली. सासूबाईंनी ते पाहिलं आणि नवरा जिवंत असताना हात मोकळे कशाला म्हणून ओरडल्या. कोणाला काय सांगणार?

शेवटी मी सेठजींसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "सेठजी, एक दिवस द्या. एकच. मले काट्यावर बसवा आन् भाच्याले माह्या बाजूले बसवा. फाटक उघडल्यापासून बंद होईपर्यंत त्यानं माह्या हातावरून नजर हलवायची नाई. नंबर उडला आन् त्याले कारन नाई सापडलं, तं मी माह्या पायानं घरी जाते. तुमाले सांगायची पाळी नाई येनार." सेठजी म्हणाले, "ठीक है. एक दिन."

भाचा आला. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला, लॅपटॉप मांडीवर. सकाळी तो आपल्या तारा जोडण्यात गुंतलेला, मी आपलं नेहमीचं उरकलं. अगरबत्ती लावली, देवाच्या फोटोला फूल वाहिलं, कॉम्प्युटरला हळदीकुंकवाचं बोट लावलं, पहिलं टोकन काढून फोटोखाली ठेवलं आणि खिडकी उघडली. गाड्या यायला लागल्या. मला पुन्हा खुर्चीत पाहून रांगेतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मी कोणाकडेच पाहिलं नाही.

अर्धा दिवस लाईन गेलीच नाही. एरवी नको तेव्हा जाते, त्या दिवशी मेली जाईना! मग गेली. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि भाच्याला म्हटलं, "पाह्य बाबू. माहे हात कुठं हायेत ते पाह्य." त्याला हसू आलं, पण त्याने पाहिलं. लाईन आली. कॉम्प्युटर चालू झाला. मी बोटही लावलं नव्हतं. बोर्ड पेटला.

नंबर उडाला होता.

बाहेर गलका सुरू झाला. मी म्हटलं, "आता बोल!" भाच्याचा चेहरा उतरला. तो लॅपटॉपवर वाकला, भराभर काही उघडून पाहायला लागला. बाहेर लोक खिडकीवर हात मारून राहिले आणि हा पडद्यात नाक खुपसून बसलेला. मग त्याने मान वर केली. "काकू, ही एक नंबरची गाडी कोणाची आहे? सकाळी आत आली, तिचं वजनच झालेलं नाही. गाडी नंबरच्या जागी नुसतं 'श्री' लिहिलंय."

मी म्हटलं, "देवाची."

"देवाची म्हणजे?"

"देवाची म्हंजे देवाची! रोजचं पयलं टोकन देवाच्या नावानं निघते. मी बसले तेव्हापासून काढते. माह्या आधी काट्यावर बसत त्यायनंच शिकवलं मले. कागदाची टोकनं होती तेव्हाबी पयलं देवालेच."

तो माझ्याकडे पाहत राहिला, मग फोटोखालच्या टोकनाकडे. त्याने मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. दुरुस्ती केल्यापासून लाईन आली की कॉम्प्युटर आधी शोधायचा, वजन न झालेली सगळ्यात पुढची गाडी कुठली? तीच आता काट्याच्या तोंडाशी असणार, असं तो धरायचा. दोन नंबर निघू नयेत म्हणून ही युक्ती. आता देवाची गाडी काही काट्यावर चढत नाही, त्यामुळे वजन न झालेली सगळ्यात पुढची गाडी रोजच देवाची. बोर्डावर मात्र नंबर दुसऱ्याचा, आणि बोर्ड काही मागे फिरत नाही, म्हणून त्या दुसऱ्याचं वजन उरकलं असणार असं समजून कॉम्प्युटर त्याचं टोकन पूर्ण करून टाकायचा आणि त्याच्या मागच्याचा नंबर लावायचा. भाच्याने सुटीच्या दिवशी पाहिलं तेव्हा देवाचं टोकन नव्हतं. स्टोअरवाला नुसती अगरबत्ती लावायचा, टोकनाचं त्याला माहीतच नव्हतं. म्हणून मी बसले की उडायचा, दुसरं कोणी बसलं की नाही.

मला वाटलं आता हा माफी मागेल. तो म्हणाला, "म्हणजे माझी दुरुस्ती बरोबरच होती. गडबड तुमच्या टोकनाने झाली."

"माह्या टोकनानं?" मी खुर्चीतून उठलेच. "देवाचं टोकन इतकी वर्सं निघून राह्यलं, तेव्हा एकाचा तरी नंबर उडला काय? तुह्या दुरुस्तीच्या आधी उडला काय? सांग!"

"आधी उडायचा प्रश्नच नव्हता, पण टोकन गाडीसाठी असतं काकू. जी गाडी नाहीच तिचं टोकन काढायचंच कशाला? मी तुम्हाला विचारलं होतं, वेगळं काही करता का."

"वेगळं कुठं केलं मी? तू कॉम्प्युटर लावाच्या आधी चप्पल काढतो का नाई? ते तू कोनाले सांगतो काय, मी वेगळं करतो म्हनून?"

त्याने खाली पाहिलं. चप्पल दाराबाहेरच होती. पण तो काही बधला नाही, आजही बधलेला नाही. भेटला की म्हणतो, काकू, दुरुस्ती बरोबर होती, फक्त तुमचा देव त्यात धरला नव्हता. मी म्हणते, न धरता केली तीच चूक. सेठजींनी आम्हा दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला नाही. धंदेवाला माणूस, भाच्यालाही दुखवायचं नाही आणि देवालाही नाही. एवढंच सांगितलं, देवाचं टोकन बंद व्हायचं नाही, कॉम्प्युटरमध्ये त्याची सोय करा. भाच्याने तिथेच बसून केली. आता 'श्री' लिहिलं की ते टोकन लगेच पूर्ण होतं. त्यानंतर एकही नंबर उडालेला नाही.

एक गोष्ट मात्र सेठजींनी केली, तिच्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. पुढच्या बाजाराच्या दिवशी केबिनच्या पायरीवर उभे राहून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ते बोलले. कॉम्प्युटर की गलती थी, बाई की नहीं. मी आत बसून पदराने डोळे पुसत होते. माझा भाऊही तिथेच होता, बाजारातून मुद्दाम आला होता. सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणाला, "आमी तं पयलेच सांगून राह्यलो होतो!"

थोड्या दिवसांनी तो नाचणगाववाला आला. मी टोकन देताना थबकले, आता काय बोलतो म्हणून. तो म्हणाला, "बाई, राग नोको मानू. तवा मले तसंच दिसलं." मी म्हटलं, "तुमची काय चूक भाऊ? मीबी तुमच्या जागी असते तं तेच म्हनले असते." तो त्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्यापुरता तरी विषय संपला आणि मला हलकं वाटलं. घरी गेल्यावर त्या दिवशी मी नवऱ्याशीही नीट बोलले.

मग एकदा दुपारी भाऊ कापूस घेऊन आला. आभाळ भरून आलेलं, रांग फाटकाबाहेर गेलेली, ज्याला त्याला पाण्याच्या आधी ट्रॉली खाली करायची घाई. त्याने टोकन घेतलं, नंबर पाहिला आणि जाईचना. आजूबाजूला पाहून खिडकीत वाकला.

"बाई, लय मागं हाय व माहा नंबर. कापूस भिजीन. पाह्य ना काई."

"काय पाहू?"

"तेच. मागच्या बारीले केलतं तसं."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि हातातलं काम हातातच राहिलं.

"अरे, थे कॉम्प्युटरची चूक होती," मी म्हटलं. "सेठजीनं सगळ्यायसमोर सांगतलं. तू होता ना तठी?"

"हाव ना, होतो." त्याने खिडकीतून आत हात घालून माझ्या हातावर ठेवला आणि प्रेमाने दाबला. "मीबी सगळ्यायले तेच सांगतो. तू काळजी नोको करू."